खटका अंधारात हाताला कळला पाहिजे: शेतासाठी बॅटरी निवडताना, लावताना आणि दुरुस्त करताना

रावेर-यावलची केळी असो की अमळनेर-पारोळ्याची कपाशी, थ्री-फेज लाईट रात्रीच्या पाळीला आली की माणूस बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एका हातात फावडं, दुसऱ्या हाताला चिखल आणि पायाखाली बांधावरचं गवत. घोणस आणि मण्यार रात्रीच जास्त फिरतात. बॅटरीचा झोत किती लांब जातो हे सगळे विचारतात. पण खटका दाबल्यावर हवा तो उजेड पहिल्या दाबातच पडतो का, हे दुकानात फार थोडे लोक बघतात, आणि रात्री दोन वाजता स्टार्टरच्या पेटीपाशी अडचण याच जागी येते.

चांगल्या खटक्याची कसोटी थोडक्यात सांगता येते. त्याच जागी, तसंच दाबलं की दरवेळी तेच झालं पाहिजे. बॅटरी मघाशी कोणत्या मोडवर, म्हणजे उजेडाच्या कोणत्या प्रकारावर, बंद झाली, कोणी केली, किती वेळापूर्वी केली, हे दाबणाऱ्याला आठवावं लागत असेल तर ती बॅटरी कितीही भारी असली तरी शेतात नेण्याजोगी नाही. पंपाच्या स्टार्टरला हिरवं आणि लाल अशी दोनच बटणं असतात आणि अंधारात चाचपूनही कुणाची चूक होत नाही. बॅटरीकडून अपेक्षा तेवढीच आहे. बॅटरी शेजाऱ्याच्या हातात दिली तर ‘बटन कोठे शे?’ एवढंही त्यानं विचारू नये.

खटक्याचे प्रकार आणि त्यांचे स्वभाव

आठवडे बाजारात मिळणाऱ्या चार्जिंगच्या बॅटरीला, म्हणजे आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असलेल्या प्लॅस्टिकच्या टॉर्चला, बहुधा सरकता खटका असतो. मधे बंद, पुढे समोरचा झोत, मागे बाजूची पट्टी. लोक त्याला जुनाट समजतात, पण समजायला सोपा खटका म्हणून हाच सगळ्यात वर आहे. अंगठा ठेवला की बॅटरी चालू आहे की बंद, हे डोळ्यांनी न बघता कळतं. लहान मुलाला आणि ऐंशीच्या आजीला एकदाच दाखवावं लागतं. त्याचं वैरी म्हणजे धूळ. काळ्या मातीची बारीक भुकटी फटीतून आत जाते, पितळी पत्रीवर थर बसतो आणि खटका सरकवूनही उजेड लुकलुकतो. याचा उपाय शेवटी दुरुस्तीच्या भागात दिला आहे.

ॲल्युमिनियमच्या लांबट बॅटरीला मागच्या टोकाला रबरी टोपीखाली खटका असतो. हा दोन जातींचा येतो, दिसायला सारखाच, पण वागण्यात पुष्कळ फरक. पहिल्या जातीत अर्धवट दाबलं की लगेच उजेड पडतो, सोडलं की जातो, आणि पूर्ण दाबून ‘टक’ आवाज आला की उजेड कायम राहतो. दुसऱ्या जातीत दाबून धरलं तरी काहीच होत नाही. ‘टक’ झाल्यावर बोट उचललं की मग उजेड लागतो, आणि लागल्यानंतर हलकेच अर्धवट दाबलं की मोड बदलतो.

ओळखायला खटका अगदी सावकाश दाबा. ‘टक’च्या आधी उजेड आला तर पहिली जात, बोट उचलल्यावर आला तर दुसरी. क्षणभर पायाशी बघून पुन्हा अंधार करायचा असेल, उदाहरणार्थ पाटाचं दार फोडताना, तर पहिली जात उत्तम. मात्र तिच्यात एकदा उजेड कायम झाला की मोड बदलायला बॅटरी बंद करून पुन्हा लावावी लागते. म्हणून पहिल्या जातीच्या खटक्यावर एक किंवा दोनच मोड शोभतात. पाच मोडची बॅटरी आणि हा खटका अशी जोडी दिसली तर घेऊ नका.

तिसरं म्हणजे बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण. यातून एलईडीचा करंट जात नाही. ते आतल्या चिपला फक्त इशारा देतं, म्हणून दाब हलका असतो आणि एका बटणात दहा कामं कोंबता येतात. याचा गुण आणि दोष हाच. नीट आखलेलं असेल तर यासारखं सुखाचं बटण नाही. वाईट आखलेलं असेल तर मालकालाही कागद बघावा लागतो. शिवाय चिप कायम जागी असल्यामुळे बॅटरी बंद असतानाही सेल थोडा थोडा उतरत राहतो.

डोकं किंवा मागची टोपी पिळून लावायच्या बॅटऱ्या छोट्या आणि टिकाऊ असतात, पण त्यांना दोन्ही हात लागतात. फावडं धरलेल्या माणसाला त्या कामाच्या नाहीत.

बटण कुठे असावं

बॅटरी धरायच्या दोन तऱ्हा आहेत. खांद्याजवळ उंच धरून लांब बघायचं असेल तर अंगठा मागच्या टोकावर येतो, तिथे मागचा खटका बरा. हात खाली सोडून पायवाट बघायची असेल तर अंगठा बाजूला येतो, तिथे बाजूचं बटण. शेतात दुसरी तऱ्हाच जास्त वेळ चालते, म्हणून एकच बॅटरी घ्यायची असेल तर बाजूच्या बटणाची घ्यावी.

त्यातही बाजूचं बटण गोल नळीवर गुळगुळीत आणि सपाट बसवलेलं असेल तर अंधारात सापडत नाही. बॅटरी हातात फिरवत बसावं लागतं. बटणाभोवती उंच कडा किंवा बटणावर उंचवटा हवा, नाहीतर निदान खिशाची क्लिप बटणाच्या बरोबर समोरच्या बाजूला हवी, म्हणजे बोटांना क्लिप लागली की अंगठा आपोआप बटणावर येतो. असं काहीच नसेल तर सायकलच्या पंक्चरच्या पॅचचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा कापून सोल्युशननं बटणाच्या रेषेत, त्यापासून बोटभर मागे चिकटवा. चिकटवण्याआधी तिथला तेलकटपणा पुसून घ्या आणि डोक्याजवळच्या खाचांवर चिकटवू नका, तिथून उष्णता बाहेर जाते.

मोडचा क्रम: इथेच बहुतेक बॅटऱ्या नापास होतात

पाच मोडची स्वस्त बॅटरी घेतली तर क्रम साधारण असा असतो: पूर्ण, मध्यम, मंद, भराभर लुकलुक, एसओएस (मदतीच्या हाकेची ठरावीक लुकलुक). एकच बटण आणि एकच दिशा. मंदवरून पुन्हा पूर्णवर यायचं तर लुकलुक आणि एसओएस ओलांडून यावं लागतं. केळीच्या बागेत डोळे अंधाराला सरावलेले असताना तोंडासमोरच्या पानावर भराभर चमक पडली की पुढची काही मिनिटं नीट दिसत नाही. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि ती जायला एक चमक पुरते.

म्हणून लुकलुकणारे मोड नेहमीच्या चक्रात नसावेत. तीन वेळा दाबल्यावर किंवा लांब दाबल्यावर ते यावेत, किंवा मुळीच नसावेत. ज्या उजेडाचा अर्थ वेगळा, त्याची वाटही वेगळी हवी. भुसावळसारख्या जंक्शनवर रेल्वे कर्मचाऱ्यांच्या हातातल्या बॅटरीत लाल, हिरवा आणि पांढरा असे तीन उजेड असतात. तिथे लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे चला. असे उजेड एकाच बटणाच्या फेऱ्यात एकामागून एक येऊ लागले तर काय होईल, हे सांगायला नको.

आता आठवणीचा प्रश्न. बऱ्याच बॅटऱ्या शेवटचा मोड लक्षात ठेवतात. एकट्यानं वापरायच्या बॅटरीत ते सोयीचं आहे. पण खान्देशातल्या घरात बॅटरी खुंटीला टांगलेली असते आणि ती पाच जण वापरतात. आईनं रात्री देवघरात मंद उजेडावर बंद केलेली बॅटरी मुलगा शेतात घेऊन जातो आणि दाबतो तर काजव्याएवढा उजेड. घरच्या सामाईक बॅटरीला आठवण नसलेली बरी. दरवेळी ती मध्यम उजेडावरच लागावी. आठवण असेलच, तर ती फक्त साध्या मोडची असावी. पूर्ण ताकद आणि लुकलुक यांची नसावी.

स्वस्त बॅटऱ्यांत आठवणीचा आणखी एक घोळ असतो. मागच्या खटक्याच्या बॅटरीत मोड बदलण्याची युक्ती अशी की वीज क्षणभर तुटली की चिप पुढच्या मोडवर जाते. मुद्दाम अर्धवट दाबलं की खरोखर बंद करून लगेच लावलं, हे तिला ओळखता येत नाही. ती फक्त मधला वेळ मोजते. म्हणून बंद करून सेकंदाच्या आत पुन्हा लावली तर भलताच मोड येतो. काही बॅटऱ्या तर तासाभरानं लावल्या तरी पुढच्याच मोडवर लागतात. अशा बॅटरीत पहिल्या दाबाला काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. ती परत करावी.

उजेडाच्या पायऱ्या किती आणि केवढ्या? डोळा उजेड सरळ हिशोबानं मोजत नाही. ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, दुप्पट केले तर फरक जेमतेम जाणवतो. उजेड दुप्पट वाटायला ते साधारण चौपट किंवा त्याहूनही जास्त करावे लागतात. ४००, ६०० आणि ८०० अशा तीन पायऱ्या म्हणजे डोळ्याच्या लेखी एकच पायरी, आणि त्यात बटण दाबायचे दोन कष्ट वाया. शेतासाठी चार पायऱ्या पुष्कळ झाल्या. झोपलेल्या घरात वावरायला आणि बॅटरी पुरवून वापरायला २ ते ५ ल्युमेन, बांधावरून चालायला आणि स्टार्टर बघायला ४० ते ६०, वाटेवर पुढे बघायला २०० च्या आसपास, आणि विहिरीच्या पलीकडचं किंवा कडेच्या उसात हललेलं काय ते बघायला ८०० च्या वर. पहिला दाब ४० ते २०० च्या मधे कुठेतरी पडावा. सर्वांत मंदनं सुरुवात व्हावी असं काही जाणकार म्हणतात, आणि तंबूत किंवा घरात ते बरोबरही आहे. बांधावर मात्र पहिल्या दाबात पायापुढचं जनावर दिसलंच पाहिजे. खोक्यावर लिहिलेल्या लाखभर ल्युमेनवर विश्वास ठेवू नका. हातात मावणारी, एका सेलची बॅटरी एवढा उजेड देऊच शकत नाही.

काही बॅटऱ्यांत पायऱ्यांऐवजी बटण दाबून धरलं की उजेड हळूहळू वाढतो आणि सोडला तिथे थांबतो. ही रीत नवख्यालाही लगेच जमते. त्यात दोन गोष्टी बघा. टोकाला पोहोचल्यावर उजेडानं एकदा पापणी लवल्यासारखी खूण दिली पाहिजे, आणि सोडून लगेच पुन्हा धरलं तर दिशा उलटली पाहिजे. मंदपासून पूर्णपर्यंत जायला अडीच-तीन सेकंद ठीक. त्याहून भरभर असेल तर हवी ती जागा हुकते.

बोटाची वेळ

इलेक्ट्रॉनिक बटणात चिप वेळ मोजून अर्थ लावते. साधारण ०.४ सेकंदाच्या आत दाबून सोडलं तर एक टिचकी, त्याहून जास्त धरलं तर लांब दाब, आणि दोन टिचक्यांमधलं अंतर ०.३ सेकंदाच्या आत असेल तर जोडदाब. इथे एक पेच आहे. जोडदाबाला काम दिलं की पहिल्या टिचकीनंतर चिप थांबून बघते, दुसरी येते का. तेवढा वेळ उजेड लागत नाही. ०.१ सेकंदापर्यंतचा उशीर माणसाला जाणवत नाही, ०.३ चा ठळक जाणवतो, आणि मग माणूस ‘लागली नाही’ म्हणून पुन्हा दाबतो. ते दुसरं दाबणं जोडदाब ठरतं आणि पूर्ण ताकदीचा झोत तोंडावर येतो. चांगल्या बॅटरीत पहिली टिचकी पडताच उजेड लागतो आणि दुसरी आली तरच तो वाढतो. वाट बघायची गरजच राहत नाही.

म्हाताऱ्या माणसांचं बोट सावकाश उचलतं. त्यांची साधी टिचकीही कधी कधी अर्ध्या सेकंदाची असते आणि चिपला तो लांब दाब वाटतो. थंडीत मफलर गुंडाळून, आखडलेल्या हातांनी हरभऱ्याला पाणी देणाऱ्या तरुणाचंही तेच होतं. म्हणून चालू आणि बंद ही दोन कामं कुठल्याही वेगानं दाबलं तरी झाली पाहिजेत. बंद करायला लांब दाब लागत असेल तर तो एक सेकंदाहून जास्त नसावा, आणि बंद करताना मधले मोड चमकून जाऊ नयेत.

बटणाला ‘टक’ हवाच. मऊ, दबल्याचं न कळणारं बटण ओल्या हाताला काहीच सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक बटणाखालच्या छोट्या ‘टक’ करणाऱ्या स्विचचा (टॅक्ट स्विच) दाबायचा जोर साधारण १६० ते २६० ग्रॅम असतो. शेतासाठी २६० च्या बाजूचा चांगला, कारण हलका स्विच खिशात आपोआप दबतो. स्विचची पत्री जुळताना काही मिलिसेकंद उड्या मारते आणि चिपनं १०-२० मिलिसेकंद थांबून त्या उड्या सोडून द्यायच्या असतात. हे नीट केलेलं नसेल तर एका दाबाला दोन मोड पुढे जातात. नव्या बॅटरीत हे दिसलं तर दोष चिपच्या प्रोग्रॅमचा, दुरुस्त होणार नाही. वर्षभरानं सुरू झालं तर स्विच झिजला आहे किंवा त्यात ओल गेली आहे.

अँड्युरिल नावाचा मुक्त (कुणालाही वापरता-बदलता येणारा) प्रोग्रॅम चिपमध्ये असलेल्या बॅटऱ्या आता ऑनलाइन मिळतात. त्यात कामं खूप आहेत, पण रोजची कामं जवळ आणि बाकीची लांब ठेवली आहेत: एक टिचकी चालू-बंद, धरून ठेवलं की कमी-जास्त, दोन टिचक्या झगझगीत, बंद असताना तीन टिचक्यांनी सेल किती उरला ते आणि चार टिचक्यांनी कुलूप, म्हणजे चुकून दबलं तरी बॅटरी लागत नाही. घरच्यांना द्यायची असेल तर ती साध्या रूपात ठेवा. बंद असताना दहा टिचक्या मारल्या की अँड्युरिलची दुसरी आवृत्ती साध्या रूपात जाते आणि लुकलुकणारे प्रकार हाताला लागतच नाहीत.

उजेड आपोआप कमी झाला तर

पूर्ण ताकदीवर छोटी बॅटरी एक-दोन मिनिटांत तापते आणि चिप उजेड उतरवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दिवसा ४५ अंशांच्या आसपास पारा असतो आणि रात्रीही हवा गरमच राहते, तेव्हा हे आणखी लवकर होतं. वापरणाऱ्याला वाटतं सेल उतरला किंवा खटका बिघडला, आणि तो पुन्हा पुन्हा दाबत राहतो. उजेड हळूहळू उतरला तर उष्णता, असं समजा. एकदम उतरून दोन-तीनदा लुकलुकला तर सेल संपत आला आहे. बटणात दिवा असेल तर नुसत्या लाल-हिरव्यावर अवलंबून असलेल्या बॅटरीपेक्षा लुकलुकून सांगणारी बरी, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं गावोगावी आहेत. अशी तापणारी बॅटरी उन्हातल्या ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. लिथियम सेलला ती उष्णता मानवत नाही.

खिशात लागू नये म्हणून

इलेक्ट्रॉनिक बटण पिशवीत दबलं आणि पूर्ण ताकदीनं लागलं तर काचेपुढचं कापड करपू शकतं, आणि सकाळी सेल रिकामा. यावर दोन उपाय. एक, चिपचं कुलूप, ठरलेल्या टिचक्यांनी लागणारं. दुसरा जास्त खात्रीचा: मागची टोपी पाव फेरा सैल करायची. पण तो सगळ्या बॅटऱ्यांना लागू नाही. आटे रंगीत किंवा काळे असतील तर ते वीज वाहत नाहीत आणि टोपी सैल केली की जोड तुटतो. आटे चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमचे असतील तर सैल करूनही बॅटरी लागते. चालू बॅटरीची टोपी पाव फेरा फिरवून बघा, विझली तर उपाय चालतो.

बंद असताना किती करंट जातो तेही मोजता येतं. मल्टिमीटर आधी मिलिअँपिअरवर ठेवा, मागची टोपी काढा, एक टोक सेलच्या ऋण बाजूला आणि दुसरं नळीच्या उघड्या कडेला लावा. बॅटरी चुकून चालू झाली तर मीटरचा फ्यूज उडतो, म्हणून तेव्हा बटणाला हात लावू नका. आकडा फारच छोटा दिसला तरच मायक्रोअँपिअरवर या. २६०० मिलिअँपिअर-तासाच्या १८६५० सेलला (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) ५० मायक्रोअँपिअर म्हणजे हिशोबानं पाच वर्षांहून जास्त, काळजीचं कारण नाही. १ मिलिअँपिअर असेल तर तोच सेल साडेतीन महिन्यांत रिकामा. अशी बॅटरी पावसाळाभर खुंटीला टांगून ऐनवेळी काढली तर लागणार नाही. तिची टोपी सैल करूनच ठेवावी.

डोक्याची बॅटरी

ठिबकचा फिल्टर धुताना, व्हॉल्व फिरवताना किंवा पहाटे केळीचे घड उतरवताना दोन्ही हात मोकळे हवेत, तेव्हा ही लागते. बटण वरच्या बाजूला हवं, म्हणजे तर्जनीनं वरून दाबताना अंगठा खालून आधार देतो. समोर बटण असेल तर दाबताच बॅटरी कपाळावर मागे कलते आणि झोत आभाळाकडे जातो. दोन बटणं असतील तर त्यांच्यात निदान बोटभर अंतर आणि आकारात फरक हवा: एक गोल, एक लांबट, किंवा एक उंच, एक खोल. पांढऱ्या आणि लाल उजेडाला वेगळी बटणं असणं हे फार मोठं सुख आहे, कारण लाल उजेडात काम करताना पांढरा मधे आला की डोळ्याची सवय मोडते.

हात हलवला की लागणारी सेन्सरची बॅटरी केळीत वापरू नका. सेन्सर समोरच्या थोड्याशा अंतरावरची कुठलीही वस्तू हात समजतो. केळीचं पान समोर आलं की उजेड जातो, दुसरं पान आलं की परत लागतो. सेन्सर बंद करायची सोय असेल तरच घ्या.

दुकानात दहा मिनिटं

बॅटरी हातात घ्या आणि डोळे मिटा. पाठीमागे नेऊन एकदा फिरवा, मग पुढे आणून फक्त अंगठ्यानं बटण शोधा. दोन सेकंदांत सापडलं पाहिजे. आता बघत बघत एकदा दाबा आणि कोणता मोड लागला ते लक्षात ठेवा. बंद करा, लगेच लावा. पुन्हा बंद करा, दहापर्यंत मोजा, लावा. मग मंद मोडवर नेऊन बंद करा, मिनिटभर थांबा आणि लावा. या तिन्ही वेळा काय होईल हे तुम्हाला आधी सांगता आलं, तर अर्धी परीक्षा पास.

मग हात पाण्यात बुडवून दाबा. जाड मोजा किंवा उपरण्याची घडी बोटावर घेऊन दाबा. टिचकी मुद्दाम सावकाश मारा, अर्ध्या सेकंदाची. भराभर वीस वेळा चालू-बंद करा. एकदाही दोन मोड उडाले किंवा दाब वाया गेला तर ती बॅटरी बाजूला ठेवा. सर्वांत मंद मोडवर मोबाईलचा कॅमेरा रोखा. पडद्यावर काळे पट्टे धावले तर चिप उजेड भराभर तोडून मंद करते आहे. पट्टे अगदी रुंद आणि ठळक असतील तर फिरता पंप किंवा हलती पानं त्या उजेडात तुकड्या-तुकड्यांत दिसतात. शेवटी बॅटरी न सांगता शेजारच्या गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि ‘लावा, कमी करा, बंद करा’ एवढंच म्हणा. तो कुठे अडतो ते बघा. घरची माणसं तिथेच अडणार आहेत.

ऑनलाइन घेताना हात लावता येत नाही, मग माहितीपत्रकात चार गोष्टी शोधा: बंद असताना एक दाब काय करतो, चालू असताना एक दाब काय करतो, लांब दाब काय करतो आणि लुकलुक कशी येते. चारही उत्तरं चार छोट्या वाक्यांत मावली नाहीत तर पुढची बॅटरी बघा. आयपी ६७ लिहिलेलं असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकते असा अर्थ, पण बटणावरचं रबर फाटलं की तो आकडा संपला.

खटका बिघडला तर

लुकलुकणाऱ्या मागच्या खटक्याच्या बॅटरीत पुष्कळदा बिघाड खटक्यात नसतोच. टोपी उघडा, आत दोन भोकांची एक चकती दिसेल. ती सैल झालेली असते. टोकदार चिमट्याची टोकं भोकांत घालून घड्याळाच्या दिशेनं घट्ट करा. मग नळीची उघडी कड आणि स्प्रिंगचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. आट्यांवरची काळी घाण कापडानं काढा आणि रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल नको, काही जातीचं रबर त्यानं फुगतं.

तरीही लुकलुकत असेल तर खटका वगळून बघा: टोपी काढून सेलचं ऋण टोक आणि नळीची कड वायरच्या तुकड्यानं क्षणभर जोडा. उजेड स्थिर लागला तर दोष खटक्यात. तेव्हाही लुकलुकला तर तो डोक्याकडच्या सर्किटमध्ये. ही तपासणी मागच्या खटक्याच्याच बॅटरीत करा, आणि वायर सेलच्या धन टोकाला लागू देऊ नका. खटका बदलायचा तर जुन्याची लांबी, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये मोजून न्या. नवीन घेताना जात तीच घ्या, नाहीतर बॅटरीची वागणूकच बदलेल. रबरी टोपी उन्हानं तडकली तर व्यास मोजून लगेच बदला, पाणी तिथूनच शिरतं.

सरकत्या खटक्याला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि वीस-तीस वेळा पुढे-मागे सरकवा. फरक पडला नाही तर खटका बदला. उघडण्याआधी वायरींचा मोबाईलवर फोटो काढा आणि लेड-ॲसिड बॅटरीची एक वायर आधी सोडवून टोकावर टेप लावा. ती ४ व्होल्टची असली तरी वायरी एकमेकींना चिकटल्या तर वायर लाल होईल एवढा करंट देते. नवा खटका बसवल्यावर त्याच्या फटीवर, सरकायला अडथळा होणार नाही असा, पातळ फोमचा तुकडा आतून लावा, म्हणजे धूळ कमी जाते. बसवून झाल्यावर मधली जागा खरोखर बंदची आहे ना, हे एकदा तपासा. वायरी उलट्या लागल्या तर मधे ठेवलेली बॅटरी रात्रभर जळत राहते आणि पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की पुन्हा नीट चार्ज घेत नाही.